वेळ की ओळ?

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संकलन केंद्रावरून एक छोटा औद्योगिक कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आला. वजनकाट्याला आणि फॅट मोजणाऱ्या यंत्राला जोडलेला, आत लिनक्स. तक्रार एका वाक्याची होती: चालू केला की सुरू होता होता रिस्टार्ट होतो, आणि बंद करेपर्यंत तेच करत राहतो. सोबत आधीच्या उपचारांची यादी होती. रॅम बदलली, अडॅप्टर बदलला, तीनदा फॉरमॅट मारला. इन्स्टॉलेशन पूर्णच होईना, म्हणून शेवटी डिस्क काढून दुसऱ्या मशीनवर लिनक्स टाकून आणलं. तोवर केंद्रावर आठवडाभर दुधाची नोंद वहीत हाताने चालली होती.

मी घड्याळ समोर ठेवून बसलो. पहिल्यांदा साठ सेकंद. दुसऱ्यांदाही साठ. तिसऱ्या वेळी ग्रबच्या मेन्यूवर बाणाचं बटण दाबून उलटी मोजणी थांबवली आणि हात काढून घेतला. कर्नल अजून मेमरीत आलेलाही नव्हता, तरी साठाव्या सेकंदाला पडदा काळा झाला.

बायोसमध्ये वॉचडॉग टायमर चालू होता. ठरलेल्या वेळात ‘मी जागा आहे’ असा निरोप आला नाही, की वॉचडॉग बोर्ड रिसेट करतो. जिथे माणूस बसलेला नसतो तिथे मशीन अडकून पडू नये म्हणून ही सोय असते. मूळ इन्स्टॉलेशनमध्ये हा निरोप देणारी एक छोटी सर्व्हिस होती. पहिल्या फॉरमॅटमध्ये ती पुसली गेली. चौकशी केली तेव्हा कळलं, की अगदी पहिली तक्रार पावतीचा प्रिंटर चालत नाही एवढीच होती. रिस्टार्टचा रोग मशीनला नव्हता. तो फॉरमॅटने दिला.

म्हणून या अंकात हा विषय घेतला. सुरू होताना रिस्टार्ट होणारं लिनक्स मशीन समोर आलं की आपल्यापैकी बहुतेकांचा हात पेन ड्राइव्हकडे जातो. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: मशीन दरवेळी त्याच वेळेला पडतं, बूटच्या मजकुरातल्या त्याच ओळीवर पडतं, की दोन्हीचा मेळ नाही?

वेळ तीच आणि ओळ वेगळी असेल, तर कुठेतरी टायमर आहे. आधी बायोस बघा, सर्व्हर असेल तर आयपीएमआयचा वॉचडॉग बघा, मग सिस्टमडीच्या सेटिंगमधला. हे प्रकरण बहुधा इथेच संपतं.

ओळ तीच असेल तर काम जास्त, पण पुरावाही जास्त. ती ओळ दिसण्यासाठी ग्रबमध्ये ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द काढायचे आणि कंट्रोल-एक्सने बूट करायचं. बदल त्या एका बूटपुरताच राहतो, त्यामुळे हात लावायला भीती नको. अक्षरं डोळ्यांना पकडता येत नाहीत, म्हणून मोबाइल स्टँडवर लावून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात सेकंद छापलेले असतात. शेवटची ओळ आणि तिचे सेकंद वहीत लिहा, दोनदा बूट करून ताडून बघा.

पुष्कळदा त्या शेवटच्या ओळींत कर्नल पॅनिक असतो, पण तो वाचण्याआधीच मशीन उडतं. याचं कारण ‘पॅनिक’ नावाचा पॅरामीटर. त्यात १० लिहिलं असेल तर पॅनिकनंतर दहा सेकंदांनी रिस्टार्ट, ० असेल तर मशीन तिथेच थांबतं. सर्व्हरवर माणसाशिवाय मशीन परत उभं राहावं म्हणून हा आकडा मुद्दाम ठेवतात. दुरुस्तीच्या वेळी मात्र ‘पॅनिक=०’ देऊन मशीनला थांबवा आणि वाचा. रूट फाइलसिस्टम माउंट करता येत नाही असा मजकूर असेल, तर ‘बूट’ पार्टिशन भरलंय का ते आधी तपासा. जागा संपल्यामुळे नव्या कर्नलची इनिटरामएफएस नीट तयार झालेली नसते. जुना कर्नल निवडून आत जायचं, नको ते कर्नल काढायचे, इनिटरामएफएस पुन्हा बनवायची. ग्राहकाच्या एकाही फाइलला हात लागत नाही.

ग्रबमधली जुन्या कर्नलची नोंद किती मोलाची आहे हे जानेवारी २०१८मध्ये दिसलं. मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषावरचा उपाय म्हणून उबुंटू १६.०४ला आलेला ४.४.०-१०८ हा कर्नल काही मशीनवर बूटच होईना. लगोलग ४.४.०-१०९ प्रसिद्ध करावा लागला. जे ग्रबच्या ‘अॅडव्हान्स्ड’ यादीत गेले, त्यांचं काम अडलं नाही. त्याच महिन्यात स्पेक्टर या तशाच दुसऱ्या दोषासाठी दिलेल्या इंटेलच्या मायक्रोकोडमुळे हॅसवेल आणि ब्रॉडवेल प्रोसेसरची मशीन अचानक रिस्टार्ट होऊ लागली. २२ जानेवारीला इंटेलने स्वतःच ते वाटप थांबवायला सांगितलं. रेड हॅट आणि उबुंटू यांनी आधीचा मायक्रोकोड परत आणला. मायक्रोकोड कर्नलच्या अगदी सुरुवातीला प्रोसेसरमध्ये भरला जातो. त्या दिवसांत कुणी फॉरमॅट मारून ताजे अपडेट घेतले असतील, तर तोच दोष नव्याने बसवून घेतला असणार. चौथ्या-पाचव्या पिढीची ती मशीन आजही सेकंडहँड बाजारात आहेत, म्हणून आठवण ठेवलेली बरी.

एक इशारा इथेच देतो. सुरू होतानाचा प्रत्येक रिस्टार्ट बिघाड नसतो. फेडोरा किंवा रेड हॅटवर एसइलिनक्सची लेबलं नव्याने लावली गेली, की मशीन काम संपवून स्वतःहून रिस्टार्ट होतं. रूट डिस्कवर एफएससीकेने दुरुस्ती केली आणि बाहेर पडताना २ हा कोड दिला, तर त्याचा अर्थच ‘आता रिस्टार्ट करा’ असा आहे. फेडोराचे ऑफलाइन अपडेटही याच पद्धतीने लागतात. अशा वेळी घाबरून प्लग काढला तर साध्या गोष्टीचं दुखणं होतं. एकदा झालं तर होऊ द्या. पुन्हा पुन्हा झालं तरच ती तक्रार.

आता तिसरा प्रकार: ना वेळ जुळते, ना ओळ. कधी ग्रबवर, कधी लॉगिनच्या दारात. इथे लिनक्सचा नाद सोडा आणि मशीन बायोसच्या पडद्यावर दहा मिनिटं ठेवा. तिथेही पडलं, तर ऑपरेटिंग सिस्टिम निर्दोष सुटली. सगळ्यात आधी कॅबिनेटच्या रिसेट बटणाची वायर बोर्डवरून काढा. अडकलेलं बटण मी इतक्यांदा पाहिलंय, की हे आता पहिल्या मिनिटातच करतो. मग एसएमपीएस. एटीएक्समध्ये आठव्या पिनची करडी वायर ‘पॉवर ओके’चा संकेत देते. हा संकेत क्षणभर पडला तरी बोर्ड रिसेट होतो, आणि साध्या मल्टिमीटरला ती डुबकी दिसत नाही. म्हणून नुसते व्होल्ट मोजून एसएमपीएस ‘ओके’ ठरवू नका, खात्रीचा दुसरा लावून बघा. रॅमसाठी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. २०२२मध्ये आलेल्या ६.०० आवृत्तीपासून तो यूईएफआयवरही चालतो. बायोसवर तासभर टिकणारं मशीन ग्राफिक्स ड्रायव्हर लोड होतानाच पडत असेल, तर एकदा ‘नोमोडसेट’ देऊन बूट करा. तरलं, तर संशय ड्रायव्हरवर, ग्राफिक्स कार्डवर किंवा त्याला लागणाऱ्या वाढीव करंटवर येतो.

आणि लॉग. जर्नलसीटीएलला ‘-बी -१’ दिलं की मागच्या बूटची नोंद मिळते, पण ‘व्हार-लॉग’मध्ये ‘जर्नल’ फोल्डर असेल तरच. नसेल तर नोंद फक्त मेमरीत राहते आणि रिस्टार्टबरोबर जाते. ते फोल्डर प्रत्येक ग्राहकाच्या मशीनवर आजच करून ठेवा. जिथे सोय चालू आहे तिथे पीस्टोअरमध्ये पॅनिकचे शेवटचे शब्द टिकलेले सापडतात. आणि नोंद मधेच, वाक्य न संपवता तुटलेली असेल, तर वीज किंवा हार्डवेअरकडे बघा. शिस्तीत बंद झालेलं मशीन बंद होत असल्याची नोंद मागे ठेवून जातं.

फॉरमॅटने हे सगळं पुसलं जातं, आणि वर ग्राहकाचं आठवड्याचं काम जातं. पुढचं मशीन दुकानात येईल तेव्हा पेन ड्राइव्ह खणातच राहू द्या. मशीन ग्रबच्या मेन्यूवर थांबवा, घड्याळ लावा, आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसा. जे दिसेल ते शेवटच्या ओळीच्या फोटोसह आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात आपण ते एकत्र वाचू.