पावसाच्या पाण्याचें देणें

पर्जन्य कोणाचा भेदाभेद करीत नाहीं. बंगल्यावर पडतो तोच पाऊस झोपडीवरही पडतो. परंतु भूमीस पोहोंचल्यावर त्या पाण्याची गति निरनिराळी होते. मोकळ्या मातींत तें बरेंचसें मुरतें. डांबर, काँक्रीट व पत्रे यांवरून मात्र तें वाहूं लागतें आणि वाटेंतील तेल, धूळ, विष्ठा व प्लास्टिक आपल्यासंगें घेऊन जातें. उन्हाळाभर सांचलेला हा मळ पहिल्या जोराच्या सरीबरोबरच नाल्यांत उतरतो.

आपल्या इंद्रलोकाचें नांव स्वर्गांतलें असलें तरी तेथील पाणी भूलोकाच्याच नियमानें वाहतें. भाईंदरची भूमि सखल, मिठागरांची व खाजणाची. भरतीच्या वेळीं नाले तुंबतात, आणि ओहोटीबरोबर सारा मळ खाडींत जातो. त्याचें फळ तेथें जाळें टाकणाऱ्या कोळ्याच्या पदरीं येतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हांपासून पाणी किती चढलें याची चर्चा आपण करितों, तें किती मलिन होतें याची क्वचितच.

गटारें बांधणें व स्वच्छ राखणें हें महानगरपालिकेचें कर्तव्य १९४९ च्या अधिनियमानेंच ठरलें आहे, व २००२ सालीं स्थापन झालेल्या आपल्या महानगरपालिकेसही तें लागू आहे. परंतु सामान्य तिजोरीच्या पंगतींत नाल्याचें पान नेहमीं शेवटीं मांडलें जातें.

अमेरिकेंतील बेलव्ह्यू नगरानें यावर १९७४ सालीं उपाय योजिला. जसें नळाच्या पाण्याचें, तसें पावसाच्या पाण्याचेंही स्वतंत्र खातें त्यानें काढिलें, आणि जमिनीचें क्षेत्र व तिच्यावरील बांधकामाची दाटी पाहून शुल्क बसविलें. पुढें १९८७ सालीं नाल्यांतून वाहणाऱ्या मळासही तेथील कायद्यानें निर्बंध घातला, तेव्हां इतर अनेक नगरांनीं तोच मार्ग धरिला. जर्मनींतील कित्येक नगरें तर झांकलेल्या भूमीच्या प्रत्येक चौरस मीटरमागें आकार घेतात.

कोणी म्हणेल, करांच्या भारांत ही आणखी भर कशाला? पण विचार करावा. गाड्या उभ्या करण्याचें विस्तीर्ण फरसबंद आवार नळाचें पाणी थोडेंच वापरतें; म्हणून त्याचें बिलही थोडें. नाल्यांत मात्र तें पुष्कळ मलिन पाणी सोडतें. उलट, अनेक मजली इमारतींतील बिऱ्हाडें एकाच छपराचे वांटेकरी असतात. त्यांच्या वांट्यास अल्प देणें येईल. जो आपल्या आवारांत पाणी मुरवील, अथवा खारट भूमि असल्यास टाकींत सांठवील, त्यास सूट मिळावी. ज्यानें मळ अधिक धाडिला त्यानें अधिक द्यावें, हा न्याय लहान मुलासही पटेल.

एकच अट मात्र हवी: त्या खात्याचा पैसा त्याच कामीं लागावा व त्याचा हिशेब दरसाल लोकांपुढें यावा. तसें न झाल्यास तो निराळ्या नांवाचा करच होईल.

विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुम्हीच या नगराचे मतदार व नगरसेवक होणार आहां. आपल्या अंगणांतील घाण शेजाऱ्याच्या दारांत लोटूं नये, हें आपणांस घरींच शिकवितात. खाडीकांठचा कोळी हाही आपला शेजारीच आहे, एवढें तुम्हीं विसरूं नये.