पत्रं मोबाईलने नाही, आपण संपवली

सेवाग्रामचं नाव आधी सेगाव होतं, हे आमच्या वर्ध्यात शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ते का बदललं, हे फारसं कोणी सांगत नाही. कारण होतं टपाल. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे, तिथे रेल्वे स्टेशन आहे, आणि गांधीजींची पत्रं वाट चुकून तिकडे जायची. शेवटी १९४० मध्ये गावाचं नावच बदलून टाकलं. पत्र चुकू नये म्हणून एका गावाने आपलं जुनं नाव सोडलं.

याच जिल्ह्यात, २०१६ च्या उन्हाळ्यात, मी पत्रांची एक अख्खी पेटी आठ रुपये किलोने विकली.

पेटी मोठेबाबांची होती. म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची. पवनारजवळचं आमचं गाव. मोठेबाबा नागपुरात चित्रकला शिकले, इथे नोकरी लागेना म्हणून ऐंशीच्या दशकात मस्कतला गेले आणि तिथे दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. त्यांचा वर्गमित्र त्याच सुमारास जर्मनीत एका छापखान्यात लागला. सहा वर्षं दोघं एकमेकांना लिहीत राहिले. मोठेबाबा परतले तेव्हा टेपरेकॉर्डर, दोन ब्लँकेटं आणि ही पेटी घेऊन आले. ते गेल्यावर घर पाडून नवं बांधायचं ठरलं. मी पेटी उघडून मोठीआईला विचारलं, हिचं काय करायचं? ती म्हणाली, "त्या कागदाइचं का लोणचं घालतं काय रे बापू?" रद्दीवाल्याने विचारलं, "वह्या का पेपर?" मी म्हटलं, "पेपरातच धर."

तेव्हा मी स्वतः चित्रं काढत होतो, हे इथे सांगायलाच हवं. माझ्या हातात स्मार्टफोन होता. मी शिकलेला होतो. त्यामुळे मोठीआईला दोष द्यायची सोय मला नाही.

मी काय विकलं, ते कळायला दोन वर्षं लागली. नागपुरात एका मित्राच्या खोलीवर सय्यद हैदर रझा आणि त्यांच्या चित्रकार मित्रांमधल्या पत्रांचं पुस्तक हाती आलं. नाव 'गीझर्स', २०१३ मध्ये दिल्लीहून निघालेलं. रझा आपल्याला पॅरिसचे वाटतात. पण हा माणूस मंडला जिल्ह्यातल्या जंगलखात्याच्या नोकरदाराचा मुलगा. मंडला, नागपूर आणि वर्धा तेव्हा एकाच प्रांतात होते. १९३९ ते १९४३ रझा नागपूरच्या कला विद्यालयात शिकत होते. म्हणजे सेगावचं सेवाग्राम झालं, तेव्हा ते इथून पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवर रेषा गिरवत होते. पुढे मुंबईत १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. त्याच्या पहिल्या सहा जणांत रझांबरोबर गोव्यातल्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा होते, पंढरपुरात जन्मलेले हुसेन होते, आरा होते, सदानंद बाकरे होते आणि आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे ह. अं. गाडेही होते.

सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले. रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पॅरिसला. दोघं पंचविशी-तिशीतले. मध्ये समुद्राची एक चिंचोळी पट्टी, पण रोज उठून भेटायला जावं एवढे पैसे कोणाकडे? मग पत्रं. प्रदर्शन कुठे, चित्र कोणी घेतलं, पैसे कधी येणार, तुझं नवं काम मला कसं वाटलं, कोण काय बोललं. मोठ्या चित्रकारांच्या पत्रांत जगण्याचं सार वगैरे असेल, असं समजून मी पुस्तक उघडलं होतं. सापडली ती दोन कामकरी माणसांची रोजची बोलणी. मला तीच जास्त उपयोगी पडली.

आता भांडणाकडे येतो. पत्रं या विषयावर मराठीत लिहिलं जातं, ते बहुतेक एकाच सुरात. पिवळा पोस्टकार्डाचा रंग, पोस्टमनची सायकल, निळं आंतरदेशीय, आणि शेवटी आजच्या पिढीवर एक फटका: मोबाईलने पत्रं मारली. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या दिवाळी अंकात हा लेख असतोच. मला तो खोटा वाटतो. मोबाईलने लोकांचं लिहिणं थांबवलेलं नाही. तुम्ही आणि तुमची मैत्रीण रात्री दीड वाजता जे एकमेकींना टाइप करता, ते मोजलंत तर एका वर्षात एक जाड पुस्तक भरेल. आणि पेट्यांतली जुनी पत्रं काही मोबाईलने खाल्ली नाहीत. ती वाळवीने खाल्ली, बंबात गेली, रद्दीत गेली. ती घालणारे हात आमचे होते. जी पिढी पोस्टमनच्या आठवणीने डोळे पुसते, तिच्यातल्या कितींनी आपल्या घरातली एक तरी पेटी जपली?

रझांची पत्रं आज वाचता येतात, त्याला कारण एकच: त्यांनी ती टाकली नाहीत. आलेली पत्रं त्यांनी सांभाळली, घरं बदलली तरी. २०१० च्या अखेरीला ते साठ वर्षांनी भारतात परतले. २०१६ च्या जुलैत गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात त्यांचं दफन झालं. त्याच उन्हाळ्यात मी पेटी विकली होती, हे मला नंतर लक्षात आलं.

यावर तीन आक्षेप मी वारंवार ऐकतो.

पहिला: चित्रकाराचं चित्र बघावं, पत्रं कशाला? हे वाक्य बोलायला भारदस्त आहे. पण ते फक्त त्याच माणसाला परवडतं, ज्याच्या आजूबाजूला आधीच चार चित्रकार आहेत. देवळीत किंवा हिंगणघाटात बसून चित्र काढणाऱ्या पोराला गॅलरीच्या भिंतीवरचं तयार चित्र दिसतं, तेही फोनवर, चार इंचांत. त्या चित्राआधी त्याच माणसाने मित्राला पैशांबद्दल, कामाबद्दल, शंकेबद्दल काय लिहिलं, हे त्याला दिसत नाही. मग त्याला वाटतं, मोठी माणसं जन्मतःच ठाम होती, आपणच तेवढे डळमळीत. कृष्ण खन्ना १९६१ पर्यंत बँकेत नोकरी करत होते, आणि त्यांचा रझांशी पत्रव्यवहार चालू होता. दोघांच्या पत्रांचंही पुस्तक निघालं आहे. दिवसा बँक आणि उरलेल्या वेळात कॅनव्हास असं जगणाऱ्या कुणालाही त्या पुस्तकाचा आधार वाटेल. चित्राने एकट्याने तो दिला नसता.

दुसरा: पत्रं खासगी असतात, ती छापणं हा विश्वासघात. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पत्रात तिसऱ्या माणसाबद्दल लिहिलेलं असतं, कुणाची बायको, कुणाचं कर्ज, कुणाचं दारूचं व्यसन. त्या तिसऱ्याला कोणी विचारलेलं नसतं. म्हणून लिहिणाऱ्याने सांगितलं तर चाळीस वर्षं कुलपात ठेवा. नावं झाका. काही पानं वगळा. पण आमच्याकडे खासगीपणाचं नाव घेऊन जे होतं, ते कुलूप नसतं, ती काडी असते. कुलूप पुढच्या पिढीला उघडता येतं.

तिसरा: असे किती रझा आहेत? साध्या माणसांची पत्रं ठेवून काय करायचं? १९५० साली पॅरिसमध्ये उतरलेला रझा हा कोण होता, ते तरी कुणाला माहीत होतं? आज कोण साधा राहणार आणि कोण नाही, हे रद्दीवाल्याचा काटा ठरवू शकत नाही.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. हॉलंडचा हा माणूस फ्रान्समध्ये राबत होता आणि भाऊ थिओला लिहीत होता. थिओने पत्रं ठेवली. थिओनंतर त्याची बायको योहाना हिने ती सांभाळली आणि १९१४ मध्ये छापली. व्हिन्सेंटने स्वतः लिहिलेली ८१९ पत्रं आज उपलब्ध आहेत. त्याला आलेली मात्र फक्त ८३. त्याने आलेली पत्रं तशी सांभाळली नाहीत. म्हणून त्या जगप्रसिद्ध संवादात थिओचा आवाज आपल्याला तुटक-तुटकच ऐकू येतो. दोघांनीही जपावं लागतं. एकाने जपलं तर अर्धंच उरतं.

मराठीला हे कळत नाही असं नाही. लेखकांची पत्रं आपण जपली, जी. ए. कुलकर्णींच्या पत्रांचे खंड निघाले, लोकांनी ते विकत घेऊन वाचले. मग चित्रकारांचं काय? गाडे आणि बाकरे यांच्या पत्रांचं पुस्तक मी आजवर एकाही मराठी दुकानात पाहिलेलं नाही. बाकरे १९५१ मध्ये लंडनला गेले, तिथे वीस-पंचवीस वर्षं राहिले, मग कोकणात येऊन वसले. एवढा काळ परदेशात काढलेला शिल्पकार कुणाला काहीच लिहीत नसेल?

आमच्या वर्ध्यातच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. तिथल्या स्वामी सहजानंद सरस्वती संग्रहालयात हिंदी साहित्यिकांची हस्तलिखितं आणि पत्रं ठेवलेली आहेत. हिंदीने आमच्या अंगणात येऊन आपली पत्रं जपली, याचा मला राग नाही, हेवा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही ढोल वाजवले, स्टेटस ठेवले. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांचे आणि ग्रंथांचे दाखले दिले. आणि चाळीस वर्षांपूर्वीची मराठी पत्रं त्याच आठवड्यात कुठल्या तरी गल्लीत काट्यावर चढली असणार. माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात एक लोखंडी कपाट, एक वही, आणि "आमच्याकडे पत्रं द्या, सांगाल तितकी वर्षं बंद ठेवू" असं लिहिलेली एक पाटी. पाटी रंगवायला मी फुकट येतो.

पण कपाट येईल तेव्हा येईल. तुमच्या हातातल्या फोनचं काय? तुमचा मित्र पुण्यात, बंगळुरूत, टोरांटोत कुठे तरी आहे. तो डिझाइन करतो, तुम्ही गाणं करता, आणि तुम्ही एकमेकांचं काम रोज फाडून खाता. तीच तुमची पत्रं आहेत. तुम्ही 'डिसअपिअरिंग मेसेजेस' चालू करून ठेवलेत, किंवा नवा फोन घेताना बॅकअपचा कंटाळा केलात, तर तुम्हीही तोच रद्दीवाला. चॅट एक्सपोर्ट करता येतं. मित्राला विचारा, दोघांच्या संमतीने करा, तारखेसकट दोन ठिकाणी ठेवा. त्यातली दहा पानं छापून घरातल्या कपाटात टाका. दोघांनीही.

पेटीतलं एक पत्र वाचलं. मोठेबाबांच्या जुन्या रंगपेटीत तळाला घडी घालून ठेवलेलं. जर्मनीतल्या मित्राचं. त्याला पवनारच्या पुलावरून दिसणारी धाम नदी आठवणीने रंगवायची होती, पुरातली. समासात त्याने ब्रशने तपकिरी रंगाचे तीन ठिपके काढले आहेत, खाली १, २, ३ असे आकडे. तीन वर्षं इकडे न आल्यामुळे मला पाण्याचा रंग नीट आठवत नाही, तर यातला कुठला खरा ते कळव, असं त्याने विचारलं आहे.

मोठेबाबांनी काय कळवलं, ते जर्मनीला गेलेल्या पत्रात होतं. तो मित्र आता नाही. त्याच्या मुलाशी मी फोनवर बोललो. घर रिकामं करताना कागद काढून टाकले, असं तो म्हणाला, आणि मग अडखळत विचारलं, महत्त्वाचं होतं का काही?

गेल्या पावसाळ्यात मी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुलावर नेलं आणि ठिपके पाण्याशी लावून पाहिले. मला २ वाटतो. मोठेबाबांना कुठला वाटला होता, ते मी आठ रुपये किलोने विकलेल्या पेटीत कदाचित असेल. मित्राच्या पुढच्या पत्रात.