मागाची भाषा, संगणकाची भाषा

दोस्तांनो, घरात सोलापुरी चादर असेल तर जरा अंथरा बघू. मोर, फुलं, वेलबुट्टी, काहीतरी असेलच. आता ती उलटी करा. मागूनही नक्षी दिसते ना? कारण ती छापलेली नाही, विणलेली आहे. आता मला सांगा, मागाला मोर कसा काय कळला?

सोलापूरच्या पूर्व भागात मागांचा खडखडाट ऐकू येतो. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा या गावात सहज कानावर पडतात. मागाला मात्र यातली एकही येत नाही. त्याच्या भाषेत अक्षरं दोनच : भोक आणि भोक नाही!

नक्षीच्या मागावर जकार्ड नावाचं यंत्र बसवतात. जाड पुठ्ठ्याच्या, भोकं पाडलेल्या कार्डांची एक माळ त्यातून फिरते. एकेक कार्ड पुढे आलं, की सुया त्यावर टेकतात. जिथे भोक असेल तिथे सुई आरपार जाते आणि तिच्या आकड्याला जोडलेले उभे धागे वर उचलले जातात. भोक नसेल तिथले धागे खालीच राहतात. मधून धोटा आडवा धागा घेऊन जातो. की पुढचं कार्ड! माळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तर तोच मोर पुन्हा पुन्हा येतो.

आता एक भोक चुकीच्या जागी पडलं तर? तुम्ही ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणालात तरी आई पाणीच देईल. माग असा समजूतदार नाही. मोराच्या डोळ्याचं भोक राहिलं, तर माळ जितक्या वेळा फिरेल तितके आंधळे मोर विणले जातील, आणि मागाला त्याचं काहीच वाटणार नाही. नियमांनी घट्ट बांधलेली, अंदाजाला जागा न ठेवणारी अशी जी भाषा असते, तिला औपचारिक भाषा म्हणतात. संगणकाशी बोलायच्या सगळ्या भाषा याच जातीच्या.

हे यंत्र फ्रान्समधल्या जोसेफ-मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास पुढे आणलं. इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेज यांनी ती कार्डं पाहून ठरवलं, की आपण याच कार्डांनी गणितं करणारं यंत्र बनवायचं. ते यंत्र पुरं झालंच नाही, पण आराखड्यात एक भारी गोष्ट होती. मागाच्या कार्डावर ‘अमुक धागे उचल’ एवढंच सांगता येतं. ‘जर उत्तर शून्यापेक्षा कमी आलं, तर मागच्या कार्डाकडे जा’ असं सांगता येत नाही. बॅबेजच्या यंत्राला ते सांगता येणार होतं. माझ्या मते खरी उडी ही. ‘जर-तर’ आलं, आणि नक्षीची भाषा हिशेबाची भाषा झाली!

फोरट्रान (१९५७), सी, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषांत हे जर-तर ठासून भरलेलं असतं. पण सगळ्यांचं काम तेच नाही बरं का. एसक्यूएल ही विचारणा करणारी भाषा. ‘आठवीतली, अक्कलकोटहून येणारी मुलं दाखव’ असं तिच्यात मागायचं. शोधायचं कसं ते संगणकाने बघावं. एचटीएमएल तर नुसत्या खुणा करते : हे शीर्षक, हा परिच्छेद, इथे चित्र. तिच्यात जर-तर नाही, म्हणून तिला प्रोग्रामिंगची भाषा म्हणत नाहीत. म्हणजे ती आपल्या कार्डांचीच जवळची बहीण झाली की!

“पण या भाषा तर इंग्रजीत असतात. आम्हाला कुठे जमणार?” असं कुणीतरी म्हणणारच. ऐका तर मग. १९५० च्या दशकात ग्रेस हॉपर या अमेरिकन बाईंनी इंग्रजी शब्दांनी चालणारी संगणकभाषा तयार केली. मग तेच शब्द फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्ये बदलून दाखवले. संगणक बिचारा काम करतच होता. घाबरले ते साहेबलोक! शेवटी बाईंना कबूल करावं लागलं, की इंग्रजीच ठेवू. संगणकाला इंग्रजी येत नाही, दोस्तांनो. त्याच्यासाठी ‘इफ’ ही एक ठरलेली खूण आहे, पुठ्ठ्यातल्या भोकासारखी. असे पन्नासेक शब्द पाठ झाले की पुरे. पुढचा विचार मराठीत करा, तेलुगूत करा, तुमची मर्जी.

आता थोडं डोकं चालवा. खाली सात कार्डं आहेत. ● म्हणजे भोक. यांतून शंकरपाळ्याची नक्षी विणायची होती, पण एक भोक चुकीच्या जागी पडलंय.

○○○●○○○
○○●○●○○
○●○○○●○
●○○○○○●
○●○○●○○
○○●○●○○
○○○●○○○

ते शोधा. मग चौकटीच्या वहीत ही नक्षी चुकीसकट एकाखाली एक चार वेळा काढा, आणि चादर कशी दिसेल ते बघा. उत्तर पुढच्या अंकात!