रेंज आहे तोवर पान उतरवून घ्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या भाचीने मुरबाडला असताना मोबाइलवर शिष्यवृत्तीची सूचना वाचली. कागदपत्रांची यादी लांबलचक. 'घरी जाऊन निवांत लिहून काढू' म्हणत ती म्हसा गावी परतली. रात्री वीज गेली, पाठोपाठ रेंजही गेली. सकाळी पान काही उघडेना. उत्पन्नाचा दाखला यंदाचा हवा की गेल्या वर्षीचा चालेल, यावर घरात वाद झाला. शेवटी तिच्या अब्बांनी दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा मुरबाड गाठले.

खरे तर काम अर्ध्या मिनिटाचे होते. अँड्रॉइड मोबाइलवर क्रोममध्ये पान पूर्ण उघडू द्या. वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा. तिथे खाली जाणारा बाण दिसतो. तो दाबला की पान मोबाइलमध्ये उतरते. पुढे त्याच ठिपक्यांखालच्या 'डाउनलोड'मध्ये ते रेंज नसतानाही उघडते. कुणाला पाठवायचे असेल तर 'शेअर'मधून 'प्रिंट' निवडून पीडीएफ करा. ती व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, दुकानात छापूनही मिळते.

मुलांच्या अभ्यासासाठी 'किविक्स' हे मोफत अ‍ॅप आहे. मराठी विकिपीडियाची फाइल शहरात वाय-फायवर एकदा उतरवली की लेख इंटरनेटशिवाय वाचता येतात. बालभारतीची पुस्तकेही पीडीएफमध्ये मिळतात.

मूळ पानच काढून टाकले असेल तर? अमेरिकेतले 'इंटरनेट आर्काइव्ह' १९९६ पासून जगभरची पाने साठवत आहे. २००१ मध्ये खुल्या झालेल्या त्याच्या 'वेबॅक मशीन'मध्ये जुना पत्ता टाकला की कधी कधी हरवलेले पान सापडते. मात्र त्यासाठी इंटरनेट लागते.

एक गोष्ट विसरू नका. उतरवलेले पान हा त्या दिवसाचा फोटो असतो. नंतर मुदत वाढली किंवा यादी बदलली तर त्याला ते कळत नाही. त्यातून अर्जही भरता येत नाही. म्हणून फाइलच्या नावात तारीख घाला आणि अर्जाआधी मूळ पान पुन्हा पाहा. घरात एकच मोबाइल सगळे वापरत असतील तर बँकेची किंवा आधारची पाने त्यात साठवू नका.

आता आमची भाची मुरबाडच्या एसटी स्टँडवरच पाने उतरवून घेते. गाडी सुटली की खिडकीशी बसून वाचत येते. अब्बांची मजुरी बुडत नाही.