वाईचे घाट आणि कृष्णेचे पाणी

नदीकाठच्या गावांचे सुशोभीकरण हा अलीकडे आपल्याकडे मोठ्या उत्साहाचा विषय झालेला आहे. फरसबंदी, रंगीत दिवे, बाके आणि कारंजी यांचे उद्घाटन करता येते व कोनशिलेवर नावेही कोरता येतात. नदीत मिसळणारे सांडपाणी अडविण्याच्या कामाला अशी कोनशिला क्वचितच लाभते, आणि म्हणूनच की काय, ते काम मागे पडते. आमच्या पुणे शहरापासून सुमारे ९० किलोमीटरांवर असलेल्या वाईविषयी आज दोन शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते ते एवढ्याचसाठी. सुटीच्या दिवशी तेथे जाणाऱ्यांत आमच्या वाचकांची संख्या लहान नाही.

वाईला ‘दक्षिण काशी’ म्हणण्याचा प्रघात आहे. अशी दक्षिण काशी महाराष्ट्रात एकच आहे असे नव्हे. पण वाईने हे नाव केवळ देवळांच्या संख्येवर मिळविलेले नाही. १६५९ साली अफजलखानाची छावणी पडली ती येथे. पुढे पेशवाईत रास्ते घराण्याने या गावाला आजचे रूप दिले. आनंदराव भिकाजी रास्ते यांनी काशीविश्वेश्वराचे मंदिर १७५७ साली बांधले, आणि गणपतराव भिकाजींनी ढोल्या गणपतीचे १७६२ साली. म्हणजे पानिपतच्या संहाराला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. ज्या घरातली गोपिकाबाई पानिपतात आपला थोरला मुलगा गमावून बसली, त्या घराने त्याच काळात कृष्णेच्या पात्रालगत हे दगडी काम उभे केले, ही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे. या मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आपटून दुभंगावा आणि मंदिराला धक्का न लावता दोन्ही अंगांनी निघून जावा, हा तिचा हेतू. बांधणाऱ्याला पाण्याचा स्वभाव ठाऊक होता.

गावापासून जवळच, मेणवलीला, नाना फडणिसांचा वाडा व घाट आहे. तेथील घंटा १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली. तिच्यावर बालयेशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि १७०७ हे साल आहे. नानांचे दप्तर आता पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. राजवाड्यांना पानिपतच्या काळातील पत्रे सापडली तीही वाईतच, आणि त्यांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत अध्ययनासाठी विनोबा येऊन राहिले. तेथेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले, आणि पुढे त्यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. एवढ्याशा गावात ज्ञानकोशाचे कार्यालय असावे, हे महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला सांगितले तर त्यास खरे वाटत नाही.

पण वाईचे सार्वजनिक जीवन ग्रंथालयात नव्हते. ते घाटावर होते. माघापासून कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो, आणि तो एकदम सगळ्या गावाचा नसतो. भीमकुंड, रामडोह, गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, गंगापुरी अशा सात घाटांचा तो आळीपाळीने होतो. प्रत्येक आळीची आपली मांडणी, आपले कीर्तन, आपला प्रसाद, आणि शेजारच्या आळीपेक्षा आपला उत्सव सरस व्हावा ही निकोप ईर्षा. नदीला देवी मानून तिची पालखी काढणारे हे गाव एरवी तिला अंगणाप्रमाणे वापरीत असे. पाठीला भोपळा बांधून पोहावयास शिकणे हा येथील मुलांचा अभ्यासक्रम होता. त्याला फी नव्हती, परीक्षा मात्र होती. डोहाच्या पैलतीरी पोहोचला तो उत्तीर्ण. व्यायाम, करमणूक, शेजारधर्म ही सारी एका पायरीवर मिळत.

आजचा प्रवासी तिकडे फारसा वळत नाही. तो गणपतीचे दर्शन घेतो, मेणवलीला छायाचित्रे काढतो, धोमच्या जलाशयावर नौकाविहार करतो आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीला जातो. थोडे हौशी लोक पांडवगड वा कमळगड चढतात. कमळगडावरील कावेची विहीर पाहिली म्हणजे श्रमाचे सार्थक होते. चित्रपटवाल्यांनी तर या घाटांना नवीच कीर्ती दिली आहे. ‘गंगाजल’ (२००३), ‘स्वदेस’ (२००४), ‘दबंग’ (२०१०) या चित्रपटांत वाई-मेणवलीचा परिसर उत्तरेतील गाव म्हणून शोभून गेला. दक्षिण काशीला खऱ्या उत्तरेची भूमिका मिळावी यात गंमत आहे, आणि त्यामुळे गावात चार पैसे आले याचा आम्हांस आनंदच आहे.

प्रश्न पाण्याचा आहे. गावाचे सांडपाणी ओढ्यानाल्यांवाटे नदीला मिळते, ही तक्रार वर्षानुवर्षांची. त्यात धोमचे धरण झाल्यापासून उन्हाळ्यात घाटाखाली किती पाणी वाहावे हे आभाळ ठरवीत नाही, पाटबंधारे खाते ठरविते. कालव्यांची गरज आधी भागते. पात्राच्या वाट्याला उरलेसुरले येते. वाहते पाणी थोडे आणि घाण तेवढीच, मग डोहाचे डबके होण्यास काय उशीर? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदविले. त्यांतील ५३ एकट्या महाराष्ट्रातील, आणि त्यांत कृष्णाही आहे. यावर घाटाला दिवे लावणे हा उपाय नव्हे. दिव्यांच्या प्रकाशात ते पाणी अधिक स्पष्ट दिसेल इतकेच.

काही स्वयंसेवक आपल्या हातांनी पात्रातील कचरा उपसतात. त्यांचे कौतुक सर्व करतात, आणि कौतुक करून घरी जातात. आमचे पुणेकर बांधवही यातून सुटत नाहीत. नदीकाठी गाडी धुणे आणि पत्रावळी व प्लास्टिकच्या बाटल्या पायरीवर टाकून परतणे यास सहल म्हणत नाहीत. शाळांच्या सहलींनी तरी मुलांना नुसते देऊळ दाखवून आणू नये. गटाराचे तोंडही दाखवावे.

आमची मागणी लहान आहे. आंघोळीयोग्य पाण्याची कसोटी सरकारनेच ठरवून ठेवलेली आहे. घाण कुजताना लागणारा प्राणवायू लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा. पाण्यात विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा. विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची संख्या १०० मिलिलिटरला ५०० च्या आत असावी आणि २,५०० च्या पुढे मुळीच जाऊ नये. हे आकडे मंडळाच्या अहवालांत पडून राहण्याऐवजी घाटावर का लागू नयेत? वाई नगरपालिकेने सातही घाटांवर साधा काळा फळा लावावा आणि दरमहा त्या घाटाच्या पाण्याचा निकाल खडूने त्यावर लिहावा. सांडपाणी शुद्ध करण्याचे काम कागदावर किती झाले व जमिनीवर किती, याचा हिशेब मग कोणास विचारावा लागणार नाही. फळ्याला खर्च फारसा नाही. येत्या माघात पहिल्या घाटावर कृष्णाबाईचा उत्सव बसेल, त्याच्या आत पहिला आकडा लिहिला जावा.