बातमीपत्राच्या शेवटी एक क्रमांक

१ जुलै २०१८ रोजी दिल्लीतल्या बुराडीत एकाच कुटुंबातले ११ जण मृतावस्थेत सापडले. वाहिन्यांनी त्या घरातल्या डायऱ्या, भिंतीतले पाइप आणि तंत्रमंत्र यांचाच काथ्याकूट केला. मनाच्या आजाराबद्दल फार थोडे बोलले गेले. जेमतेम महिनाभर आधी, २९ मे रोजी, मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू झाला होता. टीव्ही, रेडिओ, वृत्तपत्रांतून लोकांना या कायद्याची नियमित माहिती देणे ही त्याच्या कलम ३० नुसार सरकारची जबाबदारी आहे. २०१५ मध्ये अभिनेत्री दीपिका पदुकोण स्वतःच्या नैराश्याविषयी टीव्हीवर मोकळेपणाने बोलली, तेव्हा कितीतरी जणांना धीर आला असेल! वाहिन्यांनो, रोजच्या बातमीपत्राच्या शेवटी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दाखवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.