पिशवीतले दुसरे लुगडे

३ जानेवारी जवळ आली की बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप फिरू लागतो : उद्या सावित्रीबाई करून आणायच्या आहेत. कागदी ताटलीवर काळ्या क्रेप कागदाचे केस, वर घोटीव कागदाचा पदर, कपाळाला ठसठशीत टिकली. झाल्या सावित्रीबाई. नऊ दिवसांनी त्याच ताटलीशेजारी छोटा शिवबा चिकटवला की जिजाऊ होतात. पदर पांढरा करून हातात पिंड दिली की अहिल्यादेवी. मुलांना कर्तबगार स्त्रियांची ओळख हस्तकलेतून व्हावी ही कल्पना उत्तमच आहे. पण मुलांच्या हातून आपण चेहरे करवून घेतो आणि त्या बायकांनी आयुष्यभर जे केले ते ताटलीबाहेर राहते. टिकली बदलली की बाई बदलते, एवढाच इतिहास त्या मुलाच्या हाती लागतो.

पाच वर्षांच्या मुलाला १८४८ म्हणजे काय ते कळत नाही. आजीचे लहानपण आणि शिवाजी महाराज त्याच्या लेखी एकाच ‘खूप पूर्वी’त असतात. मात्र पिशवी भरणे त्याला नेमके कळते, कारण त्याची स्वतःची रोज भरली जाते. भिडेवाड्यातल्या शाळेत शिकवायला जाताना सावित्रीबाई सोबत दुसरे लुगडे नेत, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते. मग वर्तमानपत्राची पिशवी करायची, चिंधीची नीट घडी घालून तीत ठेवायची. घडी घालता घालता मूल विचारणारच, एक अंगावर असताना दुसरे कशाला? मुलींना शिकवते म्हणून लोक वाटेत शेण-चिखल फेकत, शाळेत पोचल्यावर बदलायला. यातली खरी गोम अशी की ते लुगडे घरून निघतानाच पिशवीत पडत असे. आज पुन्हा अंगावर शेण येणार हे माहीत असून बाई उंबरा ओलांडत होती. ‘धैर्य’ हा शब्द फळ्यावर लिहून हे पोचत नाही. चिंधीच्या घडीने पोचते.

अहिल्यादेवींचेही तसेच. १७६७ ते १७९५ या काळात राज्य चालवताना त्यांनी महेश्वरला विणकर आणून वसवले. किल्ल्याच्या आणि घाटांच्या दगडावरली नक्षी तिथल्या साडीच्या काठावर उतरली. घोटीव कागदाच्या पट्ट्यांची चटई प्रत्येक बालवाडीत विणली जातेच, एक पट्टी वरून, एक खालून. तिसऱ्या ओळीला हमखास चूक होते आणि दोन ओळी उसवाव्या लागतात. त्या क्षणी राज्यकर्तीने विणकरांच्या पोटापाण्याची सोय लावली म्हणजे काय केले, हे सांगावे; देवळांची यादी नंतर आहेच. आनंदीबाई जोशींसाठी साधी कागदी होडी पुरते. डॉक्टरी शिकायला एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघालेल्या आनंदीबाई न्यूयॉर्कला जूनमध्ये उतरल्या. मादाम कामांनी १९०७ साली स्टुटगार्टला फडकवलेल्या झेंड्यावर आठ कमळे होती. ती मोजून चिकटवायला बालवाडीचे गणितही पुरेसे आहे.

यावर आक्षेप येतात आणि ते निकालात काढण्यासारखे नाहीत. इतक्या लहान वयात शेणाची गोष्ट कशाला, असे काहींना वाटते. पण चिडवणे, ढकलणे, ‘तू आमच्यात नाहीस’ हे बालवाडीच्या आवारात रोज घडते. मुलाला ते नवे नाही. वैधव्य, बालविवाह, जात हे विषय मोठ्या इयत्तांवर सोपवता येतील, पिशवी थांबवायचे कारण नाही. दुसरी तक्रार अशी की असले प्रकल्प रात्री अकरा वाजता आईच करते. अगदी खरे आहे, आणि त्याचे कारण चेहऱ्यातच आहे. चेहरा सुबक यावा लागतो, प्रदर्शनात मांडायचा असतो. वाकडी पिशवी आणि उसवलेली चटई वर्गातच होते, पालकांची गरज पडत नाही. सगळ्यांत टोकदार प्रश्न मात्र निराळा आहे : थोर स्त्रिया शिकवायच्या म्हणून पुन्हा मुलींच्याच हाती सुईदोरा आणि कात्री द्यायची का? हा धोका मला मान्य आहे. त्यावर उपाय एवढाच की हस्तकला त्या बाईच्या कामावरून निवडावी, बाईपणावरून नाही. आणि चटई मुलग्यांनीही विणावी. महेश्वरच्या मागांवर पुरुषही बसत आले आहेत.

हा विचार आयात केलेला नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले तेव्हा माँटेसरीची महागडी साधने आदिवासी मुलांसाठी परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने ही त्यांची साधने झाली. मुले शाळेत येईनात, तर शाळा पाड्यातल्या अंगणात गेली. पुढे अनुताई वाघांनी कोसबाडच्या टेकडीवर हे काम चालवले.

त्याच मुलखातली वारली चित्रे आज शहरी शाळांतून मडक्यांवर, पणत्यांवर, भेटकार्डांवर काढली जातात, बहुतेक अ‍ॅक्रिलिकने. ती मुळात लग्नघराच्या भिंतीवरची, तांदळाच्या पिठाच्या कालवणाने, टोक चावून कुंचल्यासारख्या केलेल्या काडीने काढलेली. लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी काढण्याचा मान सवाशिणींचा. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात ही कला भिंतीवरून कागदावर आणली आणि ती जगभर गेली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायकांची नावे कोणी टिपली नाहीत. त्यांची जयंती नाही, फोटो नाही, ताटलीवर चिकटवायला चेहराच नाही. उरला आहे तो चौक; त्यांची ओळख करून द्यायची तर मुलांना तोच काढायला बसवावे लागेल.